डॉ. गुप्तांचं लिंबूपाणी आणि आमची मशेरी

निपाणीत माझं औषधांचं दुकान आहे, त्याला तीस वर्षं होत आली. हा मेसेज मी पहिल्यांदा वाचला तो फोनवर नाही, कागदावर. आमच्या गल्लीतल्या एका काकींनी कमरेची पिशवी उघडून चार घड्यांचा कागद काढला आणि काउंटरवर पसरला. नातवाने मोबाइलवरून वहीच्या पानावर उतरवून दिला होता, सुबक अक्षरात.

"आण्णा, ह्यातलं खोबऱ्याचं त्याल सादं चालंल, का घाण्याचंच पायजे?"

"कुणासाठी?"

"मलाच की. गालात फोड आलाय. लिंबवाचं पाणी घेतो, चार म्हैनं झालं. जळजळतंय नुसतं. पर डाक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर घ्याला नको?"

मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. थोडक्यात असा : "डॉ. गुप्ता म्हणतात, निष्काळजीपणा सोडला तर कॅन्सरने कोणी मरायचं कारण नाही. एक, साखर पूर्ण बंद करा. साखर मिळाली नाही की कॅन्सरच्या पेशी आपोआप मरतात. दोन, अख्खं लिंबू गरम पाण्यात वाटून उपाशीपोटी एक ते तीन महिने प्या. हे केमोथेरपीपेक्षा हजारपट गुणकारी असल्याचं अमेरिकेतल्या मेरीलँडच्या वैद्यकीय कॉलेजचं संशोधन सांगतं. तीन, सकाळ-संध्याकाळ तीन-तीन चमचे खोबरेल तेल घ्या, कॅन्सर नाहीसा होतो. मी माझं काम केलं, आता तुम्ही पुढे पाठवा." अलीकडच्या आवृत्तीत शेपूट जोडलंय : ऑटो वॉरबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल १९३१ सालीच नोबेल मिळालं होतं, पण औषध कंपन्यांनी ते दडपलं; लिंबाने रक्त अल्कधर्मी होतं; केमोनेच माणूस मरतो आणि झाडपाल्याचं औषध कंपन्या दडपतात.

ज्यांनी मला तो पाठवला त्यांच्यावर माझा राग नाही. एक निवृत्त हेडमास्तर आहेत, एक माझा साडू. पण एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायला हवं, कारण नुसतं "खोटं आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "तुम्ही डॉक्टर आहात काय?" नाही. मी फार्मासिस्ट आहे. तर आधी डॉक्टरांपासूनच सुरुवात करू.

"डॉ. गुप्ता म्हणतात"

कुठले गुप्ता? मेसेजात पाळण्यातलं नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही, कशातले डॉक्टर तेही नाही. काही आवृत्त्यांत खाली दुसऱ्याच डॉक्टरांची सही असते आणि पत्ता असतो "ओश स्टेट मेडिकल युनिव्हर्सिटी, मॉस्को". ओश हे शहर किर्गिझस्तानात आहे. मॉस्कोत ओश म्हणजे संकेश्वरात चेन्नई.

कॅन्सरवर बोलणाऱ्या डॉक्टरचं आयुष्य कसं असतं, हे बघायचं तर उदाहरणं लांबची नाहीत. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली परळला सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. पॅथॉलॉजिस्ट माणूस, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे तुकडे तपासणारा. १९४४ साली त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा छापला. ओळीने हा शब्द महत्त्वाचा. बरे झालेले तेवढे निवडून नव्हे, आले तसे हजार. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. १९४९ ला मुंबई विद्यापीठाची पीएच.डी., मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत वाढवण्याचं शिक्षण, आणि परत येऊन मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्या उंदरांवर वर्षानुवर्षं तपासत राहिल्या. जॉन्स हॉपकिन्सचं नाव मुद्दाम घेतलं. याच मेसेजचा एक थोरला भाऊ "जॉन्स हॉपकिन्सचा नवा खुलासा" म्हणून फिरतो आणि तो आपला नाही, हे त्या संस्थेने स्वतः जाहीरपणे सांगून कैक वर्षं झाली. आपल्या एका मराठी बाईने तिथे जाऊन खरं काम केलं, ते नाव आपल्या ग्रुपवर कुणी पाठवत नाही.

आणि ज्यांना "डॉक्टरही आहेत, संशोधकही आहेत आणि सामान्य माणसाला कळेल असं लिहितातही" असे हवे असतील, त्यांच्यासाठी डॉ. सिद्धार्थ मुखर्जी. जन्म दिल्लीचा, १९७० चा. स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड, हार्वर्ड असं शिक्षण, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅन्सरचे डॉक्टर आणि रक्ताच्या कॅन्सरवर संशोधन. कॅन्सरचा इतिहास सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकाला २०११ साली पुलित्झर मिळालं, २०१४ साली पद्मश्री. मोठं नाव म्हणून ते चुकत नाहीत असं नाही. २०१६ साली जनुकांवरच्या त्यांच्या एका लेखावर जाणत्या शास्त्रज्ञांनी उघड टीका केली, महत्त्वाचा भाग गाळलात म्हणून, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं. माझा मुद्दा तोच आहे. मुखर्जींची चूक धरता येते, कारण लेखाखाली नाव आहे. गुप्तांची कॉलर धरायला गुप्ता आहेतच कुठे?

"साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल"

आता हे वाचायला आमचा भाग सगळ्यात मजेशीर. बेळगाव जिल्हा म्हणजे ऊस. हंगामात संकेश्वर-चिकोडीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, बेळगावात तर साखरशास्त्राची स्वतंत्र संस्था आहे. त्यामुळे इथे मेसेजात स्थानिक सुधारणा झाली : "साखर सोडा, गूळ खावा." केमिकल नसलेला, काळा. गुळातही मुख्य माल तोच, सुक्रोज. उसाचा रस आटवून गूळ होतो आणि त्याच रसातून मळी बाजूला काढून साखर होते. पोटात गेल्यावर दोन्ही फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. जोंधळ्याची भाकरी फुटली की तिचंही ग्लुकोजच होतं. तोंडाला गोड लागत नाही एवढंच.

या मुद्द्यात खऱ्याचा अंश मात्र आहे आणि तो लपवून प्रतिवाद करणं बरं नाही. वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की गाठीतल्या पेशी भरमसाट ग्लुकोज ओढतात आणि प्राणवायू हाताशी असतानाही त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. आज पेट स्कॅन त्याच आधारावर होतो. ग्लुकोजसारखा दिसणारा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात आणि तो जिथे जास्त जमतो ती जागा उजळते. पण त्याच स्कॅनमध्ये माणसाचा मेंदूही लख्ख उजळतो, कारण मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तुम्ही साखर, गूळ, भाकरी, भात सगळं बंद केलं तरी लिव्हर प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून ग्लुकोज बनवून रक्तात सोडत राहतं, नाहीतर माणूस बेशुद्ध पडेल. कॅन्सरच्या पेशीला वेगळी शिधापत्रिका नसते. सगळ्यांना वाढतं त्याच पातेल्यातलं ती घेते.

मग आहाराचा काही उपयोगच नाही का, हा प्रश्न खऱ्या संशोधकांनीही विचारलाय, आणि विचारणाऱ्यांत मुखर्जी स्वतः होते. कॅन्सरवरच्या औषधांचा एक गट पेशीतल्या पीआय-थ्री-के नावाच्या यंत्रणेला रोखतो. इन्सुलिनचा निरोप पेशीत याच वाटेने जातो. ती वाट अडवली की रक्तातली साखर वाढते, साखर वाढली की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि ते वाढीव इन्सुलिन अडवलेली वाट पुन्हा मोकळी करतं. कुंपण घालायचं आणि शेजाऱ्याने रात्रीत वाट पाडायची, तसं. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात उंदरांना हे औषध आणि जोडीला पिष्ट जवळजवळ नसलेला, चरबीप्रधान आहार दिला, तेव्हा इन्सुलिन खाली राहिलं आणि औषध चांगलं लागू पडलं. मेसेज लिहिणाऱ्याने इथेच उडी मारली असती : "बघा, आहाराने कॅन्सर बरा!" पण त्याच अभ्यासात पुढे आहे : औषधाशिवाय नुसत्या आहाराने गाठी हटल्या नाहीत आणि रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारात नुसत्या आहारावर ठेवलेल्या उंदरांचा आजार उलट वेगाने वाढला. साखर तोडून कॅन्सर उपाशी मारायला गेले, तर एका कॅन्सरने उलट बाळसं धरलं. हे छापणाऱ्यांत असा आहार उपयोगी पडेल अशी आशा असणारेच लोक होते. आपल्या आशेविरुद्धची ओळ त्यांनी गाळली नाही.

जाड होणं वाईटच. जास्त वजनाचा संबंध निदान १३ प्रकारच्या कॅन्सरशी असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलंय. त्यासाठी चहातली साखर कमी करा, कुंदा एक वाटी खाताय तो एक चमचा खा, मी अडवणार नाही. पण केमो चालू असलेल्या, दोन महिन्यांत दहा किलो उतरलेल्या माणसाच्या ताटातला भात-गूळ काढून घेणं हा कॅन्सरवरचा हल्ला नव्हे, माणसावरचा आहे. अशा रुग्णांचे हात आणि गाल आधी वाळतात. घरचे म्हणतात, "साखर सोडलीय, म्हणून बारीक झालेत, चांगलंय." हे वाक्य मी काउंटरवर तीनदा ऐकलंय.

"लिंबू केमोपेक्षा हजारपट"

हजारपट कशाच्या? केमो हे एक औषध नाही, शंभरावर औषधं आहेत. कोणत्या औषधापेक्षा, कोणत्या कॅन्सरवर, किती जणांना देऊन? पट मोजायला दोन्हीकडे आकडा लागतो. इथे एकीकडे लिंबू आणि दुसरीकडे हवा.

असल्या पटींचा उगम कुठे असू शकतो ते सांगतो. लक्ष्मणफळातल्या एका द्रव्याने काचेच्या भांड्यातल्या आतड्याच्या कॅन्सरपेशी ॲड्रियामायसिन या औषधाच्या दहा हजार पट तीव्रतेने मारल्याचं १९९० च्या दशकात छापून आलं. भांड्यात. माणसात नव्हे, उंदरातही नव्हे. भांड्यात कॅन्सरपेशी फिनाइलनेही मरतात. पुढे ते "दहा हजार पट" फळाफळांवरून उड्या मारत फिरलं. लिंबाला हजारावर समाधान मानावं लागलं. आणि लक्ष्मणफळही निरुपद्रवी नाही. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर त्याची फळं आणि पाल्याचा काढा भरपूर घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त दिसत असल्याचं १९९९ सालीच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. आता हे फळ आमच्याकडेही "कॅन्सरवालं फळ" म्हणून चढ्या भावाने विकतात.

लिंबाने रक्त अल्कधर्मी होतं, हेही नाही. रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ यांच्यात शरीर काटेकोर धरून ठेवतं, त्याबाहेर गेलात तर जागा आयसीयूत. लिंबाने फार तर लघवीचा सामू बदलतो. पट्टीचा रंग बदलला म्हणून नाचणारे व्हिडिओ आहेत, ते लघवीच्या पट्टीचे असतात. आणि वॉरबर्गना १९३१ साली नोबेल मिळालं हे खरं, पण कॅन्सरचं कारण शोधल्याबद्दल नाही. पेशींच्या श्वसनातल्या विकराचं स्वरूप आणि त्याचं काम उलगडल्याबद्दल. नोबेल दडपून ठेवता येत नाही. मानपत्र जगजाहीर असतं.

"संशोधन सांगतं" हे शब्द कशाला लावायचे याचा एक नमुना आपल्या शेजारचाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी खेड्यातल्या बाईची कोणती तपासणी कामाची, हे पाहायला १९९९ पासून तिथल्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाची हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नजरेने, चौथ्याला नेहमीची सेवा. आठ वर्षं पाठपुरावा. ज्या गटात विषाणूची तपासणी एकदाच केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. २००९ साली निकाल छापला. सव्वा लाखाहून जास्त बायका, आठ वर्षं, आणि हाती काय? निम्मे. "निम्मे" हा शब्द किती महागात पडलाय बघा. गुप्तांचा "हजारपट" फुकट आहे.

"सहा चमचे खोबरेल"

सहा मोठे चमचे म्हणजे ऐंशी ग्रॅमच्या आसपास चरबी, सातशेवर कॅलरी, बहुतेक संपृक्त. कॅन्सर जात नाही. पोट मात्र जातं. काकींना मी एवढंच म्हणालो, तेल डोक्याला लावा.

"केमोनेच माणूस मरतो, झाडपाल्याचं औषध कंपन्या दडपतात"

हा मुद्दा मेसेजात दोन ओळींचा आहे, पण लोकांच्या मनात सगळ्यात खोल. केमोचे हाल मी बघतो. उलट्या, तोंड येणं, केस जाणं, पांढऱ्या पेशी घसरून ताप येणं. खोटं कशाला सांगू, काही जणांचा शेवटही उपचारातच होतो. पण झाडपाल्याचं औषध कंपन्या दडपतात म्हणणाऱ्याने एकदा माझ्या दुकानातल्या बिलांची फाइल बघावी. दारातली सदाफुली, तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन. रक्ताच्या कॅन्सरच्या पोरांना ते १९६० च्या दशकापासून देतात. अमेरिकेतल्या यू वृक्षाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल. त्याची रचना १९७१ साली मांडणाऱ्यांतले मनसुख वाणी आपल्या नंदुरबारात जन्मले.

आणि नरक्या. चंदगड-आजऱ्याच्या रानात हिंडणाऱ्यांना हे झाड ठाऊक आहे, मोडलं की घाण वास येतो. चोरटी तोड होते, टेम्पो पकडल्याच्या बातम्या येतात. का तोडतात? त्याच्यात कॅम्पटोथेसिन आहे. हे द्रव्य वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडात शोधलं. पुढे १९७२ साली ते आपल्या नरक्यातही सापडलं. माणसांना देऊन बघितलं तर मूत्राशयातून रक्त येऊ लागलं, काम थांबलं. जवळपास दोन तपं गेली. मूळ द्रव्यात फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन अमेरिकेच्या बाजारात आली ती १९९६ साली. झाडपाला दडपला नाही, उलट त्यातलं विष कुठे संपतं आणि औषध कुठे सुरू होतं हे शोधायला तीस वर्षं मोजली. नरक्याची साल उकळून पिणारा या तीस वर्षांतला पहिलाच दिवस जगतोय.

"नैसर्गिक म्हणजे निर्धोक" याला मोडीत काढणारी गोष्ट तर मुंबईच्या गिरणीतून सुरू होते. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचं कारण त्यांना शोधायचं होतं. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आजही गरोदर बाईला देतो ती पिवळी गोळी. पुढे बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना वाटलं, रक्त सुधारणारं हे जीवनसत्त्व रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांनाही द्यावं. दिलं. आजार आणखी भडकला. पौष्टिक ते कॅन्सरलाही पौष्टिकच निघालं. मग फार्बर यांनी उलटा विचार केला : फॉलिक ॲसिडची वाट अडवणारं द्रव्य दिलं तर? ते द्रव्य करून दिलं लेडर्ले कंपनीतल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने, आंध्रातल्या भीमावरमचा माणूस. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांतल्या १० मुलांचा आजार हटला, पण तात्पुरता. "तात्पुरता" हा शब्द त्यांनी लेखाच्या शीर्षकातच घातला होता. आज श्रीमंत देशांत याच आजाराची सुमारे नव्वद टक्के मुलं वाचतात, आणि फॉलिक ॲसिडची वाट अडवणारं मेथोट्रेक्सेट त्या उपचारात अजून आहे.

कंपन्यांना नफा हवा असतो का? हो. माझ्या दुकानालाही हवा असतो. मुखर्जींचंच घ्या. किरण मजुमदार-शॉ यांच्याबरोबर बेंगळुरूत सुरू केलेल्या इम्युनिल या कंपनीचे ते एक संस्थापक आहेत. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची सीएआर-टी ही उपचारपद्धत ती कंपनी देते. म्हणजे या पद्धतीची त्यांनी स्तुती केली, तर ती जरा हातचं राखून वाचायला मी मोकळा आहे, कारण त्यांचा हितसंबंध उघड आहे. आणि किमती अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात नाहीत ही तक्रार रास्तच. त्यावर भांडा, मी येतो बरोबर. पण औषध महाग आहे यावरून औषध खोटं आहे असं ठरत नाही, आणि लिंबू स्वस्त आहे यावरून लिंबू औषध ठरत नाही.

"निष्काळजीपणानेच माणूस कॅन्सरने मरतो"

मेसेजातलं पहिलं वाक्य मी शेवटी ठेवलं, कारण त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. माझ्या ओळखीतली एक पोरगी सव्वीसाव्या वर्षी गेली, विडी नाही, पान नाही, काही नाही. तिच्या आईने हा मेसेज वाचायचा?

आणि निष्काळजीपणाच शोधायचा तर निपाणीत तो गोड पदार्थांच्या दुकानात कशाला शोधता? या गावाची ओळख तंबाखू. माळावर तंबाखू, वखारीत तंबाखू, बायकांच्या हातांना वास तंबाखूचा. १९८१ साली शरद जोशींच्या मागे इथले शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबार झाला, तोही तंबाखूच्या भावासाठी. मी त्याच पैशावर शिकलोय, त्यामुळे शेतकऱ्याला शिव्या घालणार नाही. पण डॉ. गुप्तांच्या अख्ख्या मेसेजात तंबाखू हा शब्द एकदाही नाही! साखर आहे, तेल आहे, गरम लिंबू आहे. आपल्या देशात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या ओळीत आहे, तंबाखू कॅन्सर करतो हे पक्कं आहे आणि नुसती सुपारीसुद्धा करते, हे २००४ पासून जागतिक यादीत आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ साली बंदी घातली, कर्नाटकाने २०१३ साली. आता पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि मिसळायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर.

मशेरीचं तर कुणी नावच घेत नाही, कारण ती बायकांची, घरातली. माझी आई तव्यावर तंबाखू भाजायची. तो वास अजून नाकात आहे, आणि मला तेव्हा तो आवडायचा. भाजून, चुरून, डबीत. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मुकादमाने शिवी दिली की एकदा. काकी वखारीत कामाला होत्या. चाळीस वर्षं डाव्या गालात मशेरी धरली. फोड डाव्याच गालात होता.

मी त्यांना बॅटरी लावून बघितलं आणि कागद माझ्याकडे ठेवून घेतला. कोल्हापूरला तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. ऑपरेशन झालं, गालाला मांडीची कातडी लावली, किरणं दिली. चार महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर किती कापावं लागलं असतं, हे मी सांगू शकत नाही आणि सर्जननेही सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "लवकर यायला हवं होतं." उशीर नुसता लिंबाने झाला असंही नाही. पैशाचा घोळ होताच. आधार कर्नाटकचं, दवाखाना महाराष्ट्रातला. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची जनआरोग्य योजना लागू करायचं २०२३ साली ठरलं, त्यावर कर्नाटक सरकारने हरकत घेतली. आणि काकींचा मुलगा दोन राज्यांच्या दाखल्यांची झेरॉक्स काढत दोन आठवडे फिरत होता. एक फॉर्म कन्नडात, एक मराठीत. एकही अडथळा न येता, एकही सही न मागता घरपोच आला तो फक्त गुप्तांचा मेसेज. तो लोकांना इतका का पटतो, याचं माझ्या मते अर्धं उत्तर इथे आहे.

त्या कागदाच्या पाठीमागे मी स्केचपेनने लिहिलं आणि काउंटरच्या काचेखाली सरकवलं : तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना दुखणं, मानेत गाठ. आणि खाली : तोंड पुरतं उघडतंय का ते पाहायला आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा.

परवा काकींचा धाकटा दीर आला, ॲसिडिटीची गोळी मागायला. पैसे काढता काढता त्याने काचेखालचं वाचलं, हसला आणि बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं जाईना. त्याने पुन्हा केलं. मग खिशातली पुडी काढून माझ्या काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "सोमवारी दवाखाना उघडा असतो न्हवं?"